ट्यूनिकामायसिन आणि स्वेनसोनिन : सुरूच न झालेली साखळी आणि अर्धवट राहिलेली साखळी

प्रथिनांवरील शर्करासाखळ्या रोखण्याचा विषय निघाला, की ट्यूनिकामायसिन आणि स्वेनसोनिन या रेणूंची नावे पाठोपाठ येतात आणि दोन्हींना ‘ग्लायकोसिलेशन रोधक’ (प्रथिनाला शर्करा जोडणे रोखणारे) म्हणून एकाच रांगेत बसवले जाते. हे वर्गीकरण दिशाभूल करणारे आहे, कारण स्वेनसोनिन साखळी जोडण्याचे काम मुळी थांबवतच नाही.

प्रथिनातील ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लावर बसणारी साखळी आधी आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या जाळ्याच्या) पटलात, डॉलिकॉल या मेदरेणूवर, एकेक शर्करा जोडत १४ शर्करांची होते आणि मग एकगठ्ठा प्रथिनावर चढवली जाते. ट्यूनिकामायसिन यातील पहिल्याच शर्करेची जोडणी करणारे विकर (एन्झाइम) बंद पाडते. साखळीच नसल्यामुळे अनेक प्रथिनांची घडी बिघडते, ती जालिकेत साचतात आणि पेशीवर एवढा ताण येतो की ती मरूही शकते. म्हणूनच या रेणूने दिसलेला परिणाम साखळीच्या अभावाचा की निव्वळ ताणाचा, हे स्वतंत्रपणे तपासल्याविना निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

स्वेनसोनिनचे लक्ष्य बरेच पुढे, प्रथिनांवर पुढचे संस्कार करणाऱ्या गॉल्जी पिंडात असते. तेथील मॅनोसिडेज-२ हे विकर अडल्याने दोन मॅनोज शर्करा छाटल्या जात नाहीत. प्रथिनाची घडी बहुधा नीट बसलेली असते, पण साखळीची एक फांदी पक्व आणि दुसरी कच्ची राहते. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हा फरक स्पष्ट दिसतो. ट्यूनिकामायसिन दिल्यावर प्रथिनाची पट्टी दर साखळीमागे साधारण २ ते ३ किलोडाल्टनने (रेणूच्या वजनाचे एकक) खाली उतरते. स्वेनसोनिनने ती जेमतेम हलते. मात्र पक्व साखळीला हात न लावणारे एंडो-एच विकर ही अर्धवट साखळी सहज कापते.

ऑस्ट्रेलियातील कुरणांत या दोन्ही प्रकारची विषे जनावरांच्या जिवावर उठतात. ट्यूनिकामायसिनचे भाऊबंद असलेली विषे जिवाणूची लागण झालेल्या राय गवतात तयार होतात. ते चरलेली मेंढरे हाकताना अडखळून पडतात, त्यांना झटके येतात आणि पुष्कळशी दगावतात. स्वेनसोनिन १९७९ मध्ये तेथीलच स्वेनसोना वनस्पतीतून वेगळे करण्यात आले. त्याचे विष अनेक आठवडे चरल्यावर बाधते, कारण ते लयकारिकांमधील (पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्यांमधील) मॅनोसिडेजही रोखते आणि न पचलेल्या शर्करा चेतापेशींत साचत जातात. जनावर वेळीच कुरणाबाहेर काढले तर हा साठा ओसरतो. मेलेल्या चेतापेशी मात्र भरून येत नाहीत.