शालेय क्रीडा स्पर्धा: आपली टीम कुठल्या गटात बसते आणि फाईलला काय काय लागतं

जून संपत आला की आमच्या पी.टी.च्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. सर, हा पोरगा १४ मध्ये बसेल का, सर, आम्ही ग्रामीणमध्ये की महापालिकेत, सर, नुसतं आधार चालेल का. पालकांचं तर वेगळंच असतं, आमच्या शाळेचा पट जेमतेम दोनशे आणि समोर तीन हजार पोरांची शाळा, हा कसला ड्रॉ म्हणायचा. दरवेळी एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतोय. हे सगळं आपल्या महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांबद्दल आहे, म्हणजे ज्या क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं त्या. शाळेच्या गॅदरिंगमधल्या किंवा मंडळाच्या चषकाला यातलं काही लागू नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. आपल्याकडे टीमचा गट ठरतो तो वय, मुलं की मुली, आणि शाळेचा पत्ता यावरून. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगसारख्या खेळांत वजनगट येतो आणि शालेय कबड्डीतही वजनाची मर्यादा असते, त्यामुळे मॅचच्या दिवशी वजनकाटा बघून एखादा चांगला रेडर घरी जातो हे दर सीझनला कुठे ना कुठे घडतंच. शाळा किती मोठी, किती जुनी, ग्राउंड आहे की नाही हे कोणी विचारत नाही.

वयाचं बघू, कारण नव्वद टक्के भांडणं इथली. गट तीन, १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. वय मोजतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला, त्यामुळे २०२५-२६ च्या सीझनला १४ साठी जन्म १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा हवा होता, १७ साठी १ जानेवारी २००९ आणि १९ साठी १ जानेवारी २००७. दरवर्षी हे साल एकाने पुढे सरकतं एवढं लक्षात ठेवलं की कोणाला फोन करावा लागत नाही. आता यातली गंमत बघा, २८ डिसेंबर २०११ चा पोरगा आणि ३ जानेवारी २०१२ चा पोरगा एकाच वर्गात, एकाच बाकावर बसतात, फरक सहा दिवसांचा, पण एक १४ मध्ये खेळतो आणि दुसरा थेट १७ मध्ये, समोर दहावीची मिसरूड फुटलेली पोरं. हे योग्य आहे का तर नाही, पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि कुठेही ओढली तरी तिच्या अलीकडे पलीकडे कोणीतरी उभं असतंच. लहान पोराला वरच्या गटात खेळवायचं असेल तर विचार करून खेळवा, मोठ्याला खालच्या गटात अजिबात नाही, आणि एकाच खेळात दोन्ही गटांत नाव घालायचा शहाणपणा तर करूच नका. अजून एक, सुब्रतो मुखर्जी फुटबॉल आणि नेहरू हॉकी या स्पर्धांचे वयोगट वेगळे आहेत, तिथे हीच तारीख लावून टीम बांधली की फसलात, त्यांचं सर्क्युलर वेगळं वाचायचं.

मग पत्ता. इथे मुलाचं घर कुठे ते बघत नाहीत, शाळा कुठे ते बघतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी असे जे खेळ गावोगाव चालतात त्यांच्या आधी तालुका स्पर्धा होतात, बाकी कितीतरी खेळांची एन्ट्री थेट जिल्ह्याला. जिल्ह्याचा विजेता विभागाला, विभागाचा राज्याला. क्रीडा विभाग आठ आहेत: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. राज्य स्पर्धेनंतर महाराष्ट्राची टीम निवडतात आणि ती स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाते, हे फेडरेशन १९५४ पासूनचं आहे.

यातली मेख अशी की महापालिका हद्द हा स्पर्धेपुरता वेगळा जिल्हा धरतात. म्हणून पुणे जिल्ह्यातून विभागाला तीन टीम जातात, पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. सिंधुदुर्गात महापालिकाच नाही, तिथून एकच. मालवणच्या पोरांनी सावंतवाडी, कुडाळ, कणकवली सगळ्यांना हरवायचं तेव्हा कुठे विभागाचं तोंड दिसणार. पण उलट बाजूने बघितलं तर पुणे शहरातल्या शाळांची संख्या बघा, तिथून एक टीम निघणं म्हणजे काय चाळण असते ते तिथल्या शिक्षकांना विचारा. त्यामुळे मी या वादात पडत नाही, मी फक्त एवढंच सांगतो की आपली शाळा कुठल्या यादीत आहे ते सीझनच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. विशेषतः हद्दवाढ झाली असेल किंवा नगरपालिकेची महापालिका झाली असेल तर, इचलकरंजीची २०२२ मध्ये झाली तशी. गेल्या वर्षी तालुक्याला खेळलो म्हणून यंदाही तालुक्याच्या ग्राउंडवर टीम घेऊन गेलात आणि तिथे कळलं की तुमचं नाव दुसऱ्याच यादीत आहे, तर पोरांच्या तोंडाकडे बघवत नाही.

शाळेच्या पटाचा प्रश्न राहिला. माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्ससला असतो, त्याचा मुलगा तिथल्या हायस्कूलमध्ये खेळतो, तो सांगत होता की तिकडे शाळेचा पट मोजून सहा वर्ग पाडतात, १ए ते ६ए, आणि दर दोन वर्षांनी पट परत बघून फेरमांडणी करतात. सगळ्यात मोठ्या वर्गात तर त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफला जिल्ह्यातल्या चार टीम जातात, त्यातल्या जास्त पटाच्या दोन एका डिव्हिजनला आणि कमी पटाच्या दोन दुसऱ्या डिव्हिजनला. ऐकायला बरं वाटतं, आणि त्यांच्या फुटबॉलला एवढी पोरं लागतात की पट मोजणं भागच आहे. आपल्या कबड्डीला मैदानात सात आणि टीममध्ये बारा, तेवढी पोरं दीडशेच्या आश्रमशाळेतही निघतात आणि ती होस्टेलला एकत्र राहणारी, सकाळ-संध्याकाळ एकत्र सराव करणारी बारा पोरं शहरातल्या मोठ्या शाळेला अशी लोळवतात की बघत राहावं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे पटापेक्षा मोठी अडचण बाहेरून आणलेल्या खेळाडूंची आहे, ऐन सीझनच्या तोंडावर ॲडमिशन घेतलेले पाच धिप्पाड खेळाडू एकाच शाळेत कसे काय जमतात हे सगळ्यांना कळतं. म्हणून प्रवेश कधीचा आहे हे कागदावर बघायची सवय लावा, आपल्याही आणि समोरच्याही.

आता प्रोसिजर. जून-जुलैत तालुक्याची नियोजन बैठक होते, तिला स्वतः जायचं, शिपायाला पाठवायचं नाही, कारण तारखा, ग्राउंड, फी, शेवटची मुदत सगळं तिथेच कळतं आणि सर्क्युलरमध्ये न लिहिलेलंही बरंच काही तिथेच कळतं. मग शाळेची नोंदणी, युडायस नंबर (शाळेचा सरकारी कोड) लागतो, मुख्याध्यापकांचं नाव आणि मोबाईल, क्रीडाशिक्षकाचं नाव. हल्ली बहुतेक जिल्ह्यांत ऑनलाईनच आहे. मोबाईल नंबर टाकताना जो माणूस रोज शाळेत असतो त्याचाच टाका, आमच्याकडे एका वर्षी ओटीपी यायचा तो नंबर मेडिकल रजेवर गेलेल्या सरांचा होता, त्यांना दवाखान्यात फोन करकरून एन्ट्री भरल्यात. नोंदणी झाली की खेळानुसार आणि गटानुसार खेळाडूंची एन्ट्री, कबड्डी १४ मुली ही एक, कबड्डी १७ मुली ही वेगळी. फी भरायची, प्रवेशिकेची प्रिंट काढायची, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेऊन मुदतीत जमा करायची. शेवटच्या रात्री साईट हमखास रडते, चार दिवस आधी भरून मोकळे व्हा.

खेळाडूची फाईल हा खरा विषय. प्रत्येक पोराची एक प्लॅस्टिकची फाईल करा, तिच्यात जन्म दाखला (ग्रामपंचायत, नगरपालिका जिथला असेल तिथला), पहिलीच्या जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा (म्हणजे पहिलीला दाखल होताना शाळेच्या रजिस्टरला जी नोंद झाली तिची नक्कल), चालू वर्षाचं बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, आणि शाळेचं खेळाडू ओळखपत्र, त्यावर फोटो, जनरल रजिस्टर नंबर, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आणि शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. शिक्का नुसता खाली मारून आणतात आणि मग ग्राउंडवर वाद. आठवी-नववीचे बहुतेक खेळाडू पहिलीला दुसऱ्या शाळेत असतात, त्यामुळे तो उतारा झेडपीच्या शाळेतून आणावा लागतो आणि तिथले गुरुजी जनगणना, निवडणूक, ट्रेनिंग यात कुठेतरी अडकलेले असतात, तर हे काम जूनमध्येच उरका. आणि ग्राउंडवर ओरिजिनल न्या, मोबाईलमधला फोटो दाखवून काही होत नाही.

निर्गम उताऱ्यावर एवढा भर का तर आपल्याकडचा १ जून. पूर्वी गुरुजी पटनोंदणीला वाडीवर यायचे, आजीला पोराची तारीख विचारली की ती सांगायची, बेंदराच्या आदल्या दिवशी झालं, मग गुरुजी सरळ १ जून टाकायचे. आता तेवढं नाही राहिलं पण आधारवर अजून आहे. आमची एक आठवीतली मुलगी, चढाईला गेली की दोन गडी घेऊनच यायची, तिच्या आधारवर १ जून २०११, जन्म दाखल्यावर १४ फेब्रुवारी २०१२. खरी तारीख दाखल्याची, कारण दवाखान्यात जन्म झालेला, पण टेबलावरच्या माणसासमोर दोन कागद दोन तारखा बोलत होते आणि आधार धरलं तर ती १४ मध्ये बसत नव्हती. मी उतारा नेला नव्हता. तासभर उभा राहिलो, समोरची टीम वॉर्मअप करून बसलेली, शेवटी अकरा पोरींची टीम उतरवली आणि ती मुलगी लाईनच्या बाहेर बूट घालून मॅच संपेपर्यंत बसून राहिली. चूक टेबलाची नव्हती, माझी होती. त्यानंतर मी पालकसभेतच सगळ्यांचे आधार आणि दाखले शेजारी शेजारी ठेवून बघतो, फरक दिसला की आधार दुरुस्तीला त्याच आठवड्यात पाठवतो. नावाचंही तसंच, एका कागदावर "सायली" आणि दुसऱ्यावर "सायलीताई" असेल तरी कटकट होते.

ड्रॉबद्दल बऱ्याच जणांचा संशय असतो, तर तो कसा पाडतात ते समजून घ्या म्हणजे संशय घ्यायचा तर योग्य जागी घेता येईल. समजा ११ टीम आल्या. बाद पद्धतीत १० मॅचमध्ये निकाल लागतो, साखळी खेळवायची तर ५५ मॅच होतात, म्हणून तालुक्याला साखळी कोणी घेत नाही, दोन दिवसांत उरकायचं असतं आणि वरून पाऊस. ११ च्या पुढची दोनाच्या पटीतली, म्हणजे दोन, चार, आठ, सोळा अशी वाढणारी संख्या १६, सोळातून अकरा गेले पाच, म्हणून पाच बाय, म्हणजे पाच टीम पहिली फेरी न खेळता थेट दुसऱ्या फेरीत. वरच्या अर्ध्यात ६ टीम, खालच्या अर्ध्यात ५. चिठ्ठ्या उचलून १ ते ११ नंबर दिले की बाय द्यायचा क्रम ठरलेला असतो: पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या टीमला म्हणजे ११ ला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या म्हणजे १ ला, तिसरा खालच्या पहिल्या ७ ला, चौथा वरच्या शेवटच्या ६ ला, पाचवा १० ला. पहिल्या फेरीत खेळणार २-३, ४-५ आणि ८-९, तीन मॅच, तीन विजेते आणि पाच बायवाले मिळून आठ, पुढे सरळ क्वार्टर फायनल. गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते समोरासमोरच्या अर्ध्यात ठेवले तर फायनल फायनलसारखी होते, नाहीतर दोन तगड्या टीम पहिल्याच दिवशी भिडतात आणि फायनल एकतर्फी. तुम्ही बघायचं ते एवढंच की चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उचलल्या का, आणि बाय क्रमाने दिले का. आमच्या तालुक्यात चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकतात आणि लहानात लहान खेळाडूच्या हाताने उचलतात, ही पद्धत मला आवडते. ड्रॉला गैरहजर राहून नंतर ग्रुपवर बोंब मारण्यात अर्थ नाही.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तोंडी घेऊ नका. लेखी द्यायचा, मॅनेजरच्या सहीने, ठरलेली फी भरून, त्या स्पर्धेला दिलेल्या वेळेच्या आत, आणि पोच घ्यायची. वयाबद्दल असेल तर नुसतं "मोठा दिसतोय" असं लिहून काही होत नाही, कुठला कागद चुकीचा वाटतोय ते लिहा. मॅच हरल्यावर आठवलेला आक्षेप कोणी मनावर घेत नाही, मॅचच्या आधी टेबलावर समोरच्या टीमची ओळखपत्रं बघून घ्या, तो तुमचा हक्क आहे आणि त्यात कोणाचा अपमान वगैरे नसतो.

टीमबरोबर शाळेचाच मॅनेजर लागतो, मुलींच्या टीमला शक्यतो मॅडम. बाहेरचा कोच कितीही भारी असला तरी कागदावर शाळेचा माणूस पाहिजे.

आणि जिंकलात तर जल्लोष नंतर करा, आधी प्रमाणपत्रं बघा. दहावी-बारावीला जे वाढीव क्रीडा गुण मिळतात ते याच कागदावर मिळतात, सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणालाही पुढे हेच कागद काढावे लागतात, फक्त तिथे लेव्हल बरीच वरची लागते. नाव, खेळ, वयोगट, क्रमांक, तारीख, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची सही, एवढं वाचून घ्यायचं. एका पोराच्या प्रमाणपत्रावर खो-खो ऐवजी कबड्डी छापलेलं आलं होतं, त्याला ते कळलं दहावीचा फॉर्म भरताना, फेब्रुवारी महिन्यात.