गोळीचा चहा: कडवटपणा वेगळा, न जाणारी गोडी वेगळी

साखरेऐवजी गोळी टाकून चहा पिणाऱ्यांची एक तक्रार कोल्हापुरात घरोघरी ऐकू येते: "मागनं कसलीतरी चव राहते." गुऱ्हाळावरची गरम काकवी खात आणि शाहूपुरीतल्या अडतीवरचा गूळ चाखत लहानाची मोठी झालेली ही माणसं. गोडाच्या बाबतीत त्यांची जीभ सहसा फसत नाही. तरीही 'मागची चव' म्हणताना आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे खराखुरा कडूपणा. दुसरी म्हणजे वेळेवर न संपणारी गोडी. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी मधुमेही गोळी सोडून गुपचूप साखरेकडे वळतात. मला ते फार लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या आक्का आणि दाजी दोघांनाही साखर आहे. एकाच पातेल्यातला चहा, एकाच डबीतली गोळी. दाजी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतात, "अगं, कडू झालाय हा. औषध प्यायल्यागत." त्यावर आक्का म्हणते, "अहो, कडू कुठला? गोडच हाय की. पण ही गोडी घशातनं हलंना झालीय." दोघांना वाटतं, समोरचा उगीच बोलतोय. खरं तर दोघंही बरोबर आहेत.

आधी दाजींचा कडूपणा घेऊ. गोड ओळखण्यासाठी जिभेवर एकच ग्राहक असतो, म्हणजे पदार्थाचा रेणू चिकटला की मेंदूला चवीचा निरोप धाडणारा ठिपका. तो दोन प्रथिनांच्या जोडीतून बनतो आणि त्याचा शोध २००१ च्या सुमारास लागला. साखर आणि गोळ्यांमध्ये वापरले जाणारे सॅकरिन, ॲस्पार्टेम, सुक्रालोज हे गोडवे, सगळे याच ग्राहकाला येऊन चिकटतात, फक्त त्याच्या वेगवेगळ्या जागांना. कडूचं मात्र तसं नाही. माणसाच्या जिभेवर कडूचे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत, कारण निसर्गातली बरीचशी विषं कडू असतात आणि त्यातलं एकही नजरेतून सुटलेलं परवडणारं नव्हतं. सॅकरिन आणि एसेसल्फेम-के हे दोन गोडवे गोडाच्या ग्राहकाला तर चेतवतातच, शिवाय कडूच्या त्या २५ पैकी दोघांनाही चेतवतात. त्या दोघांची नावं टीएएस२आर३१ आणि टीएएस२आर४३. म्हणजे एकाच रेणूकडून मेंदूला गोड आणि कडू असे दोन निरोप जातात.

मग आक्काला कडू का लागत नाही? या कडू ग्राहकांची जनुकं सगळ्यांमध्ये सारखी नसतात. काहींचा ग्राहक सॅकरिनला जोरात प्रतिसाद देतो, काहींचा जेमतेम. हे जन्मजात आहे. ना सवयीचा दोष, ना नखऱ्याचा. त्यामुळे "इतकं काय कडू लागतंय तुम्हाला?" हा प्रश्न निरर्थक आहे. त्यांना खरोखरच कडू लागतंय.

सॅकरिन तसं जुनं. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना ते सापडलं. साखरेच्या तीनशे ते चारशे पट गोड. पण एक मेख आहे, आणि ती स्वयंपाकघरात फार उपयोगी पडते. साखर वाढवत गेलं की गोडी वाढत जाते. सॅकरिनची गोडी साधारण १० टक्के साखरपाण्याएवढी झाली की तिथंच थांबते. त्यापुढे कितीही घाला, वाढतो तो कडूपणाच. "गोड कमी झालाय, अजून एक गोळी टाक" असं म्हणणारा माणूस म्हणूनच हमखास पस्तावतो. सॅकरिनचं अगदी दाट द्रावण तोंडात घेतलं तर ते गोडाच्या ग्राहकाला दाबून टाकतं आणि त्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरली की तोंड अचानक गोड होतं. पाण्याने सॅकरिन धुतलं जातं आणि दाबलेला ग्राहक पुन्हा जागा होतो.

या कडूपणावरचा तोडगा कारखानदारांनी कारण समजण्याच्या कितीतरी आधी शोधला होता. दहा भाग सायक्लामेट (हाही एक कृत्रिम गोडवा) आणि एक भाग सॅकरिन असं मिश्रण विसाव्या शतकात खूप चाललं. दोन्ही एकत्र केली की सुटी असतानाचा कडूपणा बराच घटतो. असं का होतं याचा उलगडा २०१७ मध्ये झाला: सॅकरिन कडूच्या ज्या ग्राहकांना चेतवतं, त्यांनाच सायक्लामेट अडवतं. अमेरिकेने १९६९ मध्ये सायक्लामेटवर बंदी घातली, पण गोडवे एकमेकांत मिसळण्याची युक्ती टिकली. आजच्या बऱ्याच साखरविरहित शीतपेयांत एकापेक्षा जास्त गोडवे असतात ते त्यामुळेच.

आता आक्काची तक्रार. तिच्या तोंडात कडू काहीच नाही. आहे ती गोडीच, फक्त जास्त वेळ थांबलेली. चव मोजणारे लोक चाखणाऱ्याला सेकंदासेकंदाला विचारतात, आत्ता किती गोड लागतंय? त्यातून आलेख तयार होतो. साखरेचा आलेख झटकन चढतो आणि झटकन उतरतो. ॲस्पार्टेम आणि सुक्रालोज यांचा उतार लांबतो. आपण चहाचा घोट घेतो, गिळतो, आणि पुढच्या घोटाआधी तोंड मोकळं व्हावं अशी आपली वर्षानुवर्षांची सवय असते. ते झालं नाही की पुढचा घोट आधीच्या गोडीवर चढतो, आणि अर्ध्या कपापर्यंत तोंड गोडमिट्ट होऊन जातं.

सुक्रालोजचा शोध १९७६ मध्ये लंडनमध्ये लागला, तोही शशिकांत फडणीस या आपल्या माणसाच्या हातून. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून केलेला पदार्थ तपासायचा होता. सूचना ऐकण्यात गफलत झाली आणि त्यांनी तो थेट जिभेवर ठेवला. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघाला. मुळात साखरेपासूनच बनल्यामुळे त्याची चव साखरेच्या बरीच जवळ जाते. कडूपणा बहुतेकांना जाणवत नाही, राहते ती फक्त लांबलेली गोडी.

स्टेव्हियाने घोळ वाढवलाय. भारतात त्याला २०१५ मध्ये परवानगी मिळाली आणि "झाडाचं आहे, चांगलंच असणार" म्हणून लोक विश्वासाने घेतात. पण त्याच्या पानातल्या गोड द्रव्यांमध्ये दोन्ही खोडी आहेत. ती कडूच्या ग्राहकांना चेतवतात, आणि त्यांची गोडी उशिरा चढून उशिरा उतरते. वनस्पतीपासून आलंय म्हणून चव सरळच असेल, असं काही नाही.

चहाच्या बाबतीत आणखी एका कडूपणाचा आळही गोळीवर येतो. चहा स्वतःच कडू आणि तुरट असतो, साखर ते झाकते. ॲस्पार्टेमची गोळी पातेल्यात घालून चहा खळखळ उकळला तर उष्णतेने तिची गोडी कमी होते आणि चहाचं मूळ रूप उघडं पडतं. अशी गोळी कपात चहा ओतल्यावरच टाकावी.

आपल्या तोंडात नेमकं काय चाललंय हे ओळखायचं असेल तर एक पान मदत करतं. आपल्या सह्याद्रीत वाढणारी गुडमार, म्हणजे मधुनाशिनी. तिचं पान चावून तोंडभर फिरवलं की त्यातली द्रव्यं गोडाच्या ग्राहकाला काही वेळ बंद करतात. साखर तोंडात घातली तर निव्वळ वाळू चावल्यासारखी लागते, गोळीचा गोडवाही जातो. कडूच्या ग्राहकांना मात्र ते पान हात लावत नाही. मी पान चावून सॅकरिनच्या गोळीचं पाणी प्यायले तेव्हा गोडी पार गेली आणि मागं उरला निखळ, धातूसारखा कडवटपणा. सुक्रालोजच्या पाण्याची त्याच तोंडाला काहीच चव लागली नाही, साधं पाणी जणू. अर्थात हा निकाल माझ्या जिभेचा. तुमची जनुकं वेगळी, तुमचा निकालही वेगळा येऊ शकतो. आणि मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी गुडमार डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. तिच्यामुळेही रक्तातली साखर उतरू शकते.

दाजींसारखं ज्यांना कडू लागतं, त्यांनी सॅकरिन, एसेसल्फेम-के आणि स्टेव्हिया टाळून सुक्रालोज किंवा ॲस्पार्टेम घेऊन पाहावं. मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं, म्हणून चहात मिठाचे चार कण टाकले तरी फरक पडतो. फक्त रक्तदाब असेल तर ही सवय लावून घेऊ नये. आक्कासारख्यांना मीठ कामाचं नाही, कारण दाबायला तिथं कडू नाहीच. त्यांनी आधी गोळी अर्धी करावी, चहात आलं जरा जास्त ठेचून घालावं. आल्याचा झणका त्या गोडीवर लक्ष राहू देत नाही.

आणि दुकानात "शुगरची गोळी द्या" एवढंच म्हणून पिशवीत टाकू नका. डबीवर गोडव्याचं नाव छापलेलं असतं. ते बारीक अक्षर दुकानदाराकडून वाचून घ्या, कारण सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्यांत दोन वेगळे पदार्थ असतात. आमच्या घरी आता दाजींची डबी वेगळी आहे.