वात चुकली की मेणबत्ती फसली

नाताळसाठी हौसेने घरी केलेली मेणबत्ती पेटवली की अर्ध्या तासात मधोमध भोक पाडत खाली जाते आणि स्वतःच्याच मेणात बुडून विझते. मग दोष मेणाला दिला जातो. मेण बहुतेक वेळा बरं असतं, चुकते ती वात. जळतो तो दोरा आणि मेण त्याला नुसतं धरून ठेवतं, असा समज असल्यामुळे हाताला लागेल ती सुतळी किंवा शिवणाचा दोरा साच्यात सोडला जातो.

प्रत्यक्षात जळते ती मेणाची वाफ. मेणबत्ती हलकेच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची बारीक रेघ वर चढते. वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, त्या रेघेतच पेटती काडी धरा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते. हा ‘धूर’ म्हणजे गार होऊन बारीक कणांत गोठलेली मेणाची वाफच. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यांत त्यांनी हे करून दाखवलं होतं. घरी मुलांना दाखवायला याहून सुंदर प्रयोग नाही.

म्हणजे वात हा पंप आहे. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, सुती धाग्यांमधल्या फटींतून केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या ओढीने, वर चढतं आणि टोकाजवळ त्याची वाफ होते. फट जितकी अरुंद, तितका द्रव उंच चढतो. वितळलेल्या पॅराफिनचा, म्हणजे मेणबत्तीच्या नेहमीच्या मेणाचा, पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग ताणून धरणारं बल) पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, तरीही ०.०५ मिलिमीटर त्रिज्येच्या फटीत ते हिशेबाने १३ सेंटिमीटरपर्यंत चढू शकतं. वातीला चढवायचं असतं जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. तेव्हा प्रश्न उंचीचा नसून वेगाचा आहे. फटीची त्रिज्या निम्मी केली तर ओढ दुप्पट होते, पण प्रवाहाला होणारा अडथळा चौपट होतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या वातीतून मेण निम्म्याच वेगाने येतं. घट्ट पिळाचा दोरा नेमका इथे फसतो. रंगासाठी मेणखडू वितळवून घातले तरी तेच होतं, कारण त्यांतले न विरघळणारे कण फटींत जाऊन बसतात. मेणात विरघळणारा रंगच वापरावा.

उलट वात फार जाड असेल तर वाफ इतकी येते की तिला ऑक्सिजन पुरत नाही. ज्योतीचा पिवळा उजेड तापलेल्या कार्बनकणांचाच असतो. ते ज्योतीच्या कडेला पोचेपर्यंत जळून जायला हवेत. नाही जळले, तर काजळी धरते आणि वातीच्या टोकाला काळं बोंड येतं. बरणीतल्या मेणबत्तीची काच काळी झाली की ‘घरातली नकारात्मक ऊर्जा खेचली गेली’ असं सांगून अशा मेणबत्त्या विकल्या जातात. काच काळी होते ती लांब वाढलेल्या वातीमुळे किंवा वाऱ्याच्या झोताने. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटरवर कापली की काजळी बरीच कमी होते. सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या सोया मेणालाही हाच नियम लागू आहे.

सपाट विणीची सुती वात घ्यावी. तिचं टोक जळताना वाकून ज्योतीच्या कडेबाहेर येतं, तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो आणि ते आपोआप जळून जातं. १९व्या शतकात ही वीण येण्याआधी जळकं टोक सारखं कात्रीने कापावं लागे, जशी आपण समईची काजळी झाडतो. वात साच्यात लावण्याआधी वितळलेल्या मेणात बुडवून ठेवा. तिच्यातून हवेचे बुडबुडे येतात, ते थांबले की काढून सरळ ताणून वाळवा.

साच्यात पाणी भरून मोजा: ३०० मिलिलिटर पाणी मावलं तर साधारण २७० ग्रॅम मेण लागेल. मग साचा पूर्ण कोरडा करा. ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन आणि त्याच्या दहा टक्के स्टिअरिक ॲसिड घ्या. त्याने मेणबत्ती टणक होते आणि साच्यातून सहज सुटते. भांडं थेट गॅसवर नको, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला. पाणी अजिबात ओतू नका. ते जड असल्याने तळाला जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण उसळून अंगावर येतं.

८० अंशांच्या आसपास ओता, थोडं मेण राखून ठेवा. गोठताना पॅराफिन दहा ते पंधरा टक्के आकसतं, आणि सगळ्यात शेवटी गोठतो तो मधला भाग, म्हणून वातीभोवती पोकळी राहते. वर साय धरली की वातीपासून एक सेंटिमीटरवर विणकामाच्या सुईने तीन-चार खोल भोकं पाडा आणि राखून ठेवलेलं मेण पुन्हा गरम करून त्यांत भरा.

नाताळला शोभेल अशी जाळीदार मेणबत्ती याच मेणातून होते. दुधाच्या रिकाम्या खोक्यात मधोमध बाजारची बारीक मेणबत्ती उभी करा, तिच्याभोवती सुपारीएवढे बर्फाचे खडे भरा आणि ८५-९० अंशांचं मेण एका दमात ओता. मेण खड्यांभोवती गोठतं, बर्फ वितळून पाणी होतं आणि त्याच्या जागी भोकं उरतात. तासाभराने मोरीत खोका फाडून पाणी निथळू द्या, मग दिवसभर वाळवा. मधली मेणबत्ती घ्यायची ती वात कोरडी राहावी म्हणून. भिजलेली वात तडतडते, कारण तिच्यातलं पाणी १०० अंशांनाच उकळतं. बारीक वातीची आच फार लांब पोचत नसल्याने बाहेरची जाळी बराच वेळ तशीच राहते आणि उजेड भोकांतून पाझरतो. मेणही पाझरतं, म्हणून खाली काठाची ताटली हवी.