क्लीनर साईडचं मागचं चाक आणि मिनिटाला तीन बुडबुडे

दिवाळी झाली आणि आमच्या गाडीचं क्लीनर साईडचं, म्हणजे डावीकडचं, मागचं चाक उतरायला लागलं. पंक्चर म्हणावं तर एकदम बसत नव्हतं आणि ठीक म्हणावं तर दर आठवड्याला साताऱ्यात पोवई नाक्यावर हवा मारायला थांबावं लागायचं. हवा मारली की चार-पाच दिवस बरं, परत तेच. तीन पंक्चरवाले झाले. पहिल्यानं साबणाचं पाणी मारलं, म्हणला काही नाही. दुसऱ्यानं चाक खोलून टाकीत बुडवलं, गरागरा फिरवलं, काही नाही. तिसऱ्यानं नायट्रोजन भरायला लावला, पैसे घेतले, आणि पुढच्या आठवड्यात नायट्रोजनपण गेला. आईचं मत की गल्लीतली पोरं हवा सोडतायत, शेजारच्या काकांचं मत की थंडीनं होतं. यातलं काकांचं अर्धं बरोबर निघालं.

त्या नायट्रोजनचं आधी संपवतो. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन रबरातून त्याच्यापेक्षा जरा पटपट झिरपतो हे खरं, त्यामुळं शुद्ध नायट्रोजन भरला तर चांगल्या टायरात थोडा फरक पडेलही, पण भोक असेल तर त्याला आत कोणता वायू आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मग मी हवेचा दाब मोजायचा एक डिजिटल गेज घेतला आणि वही केली. पंपावरच्या मीटरवर माझा भरवसा नाही, दोन पंपांचे आकडे एकमेकांशी जुळताना मी तरी बघितलेले नाहीत. रविवारी दुपारी सावलीत गाडी लावून चारी चाकं ३३ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) केली. पुढच्या रविवारी सकाळी सहाला, गाडी हलवायच्या आधी, परत मोजलं तर तीन चाकं ३० आणि हे आपलं २६.

आता बघा, तीन चांगल्या चाकांतनंपण ३ पीएसआय गेले, आणि ते कुठंही गेलेले नव्हते. वायू थंड झाला की त्याचा दाब कमी होतो, अकरावीत शिकलेलंच आहे, फक्त हिशोब करताना दोन ठिकाणी गडबड होते. एक म्हणजे तापमान केल्विनमध्ये धरायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, आणि दुसरं म्हणजे गेज जे दाखवतो तो पूर्ण दाब नसतोच, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच तो सांगतो. बाहेरच्या हवेचा दाब साताऱ्याच्या उंचीवर साधारण साडेतेरा पीएसआय, म्हणजे ३३ च्या टायरात खरा दाब साडेशेहेचाळीस. दुपारचे ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, पहाटेचे १२ म्हणजे २८५. साडेशेहेचाळीसला २८५ नं गुणा, ३०३ नं भागा, साडेतेरा वजा करा, ३० च्या आसपास येतं. ढोबळ मानानं ५-६ अंशाला १ पीएसआय असं लक्षात ठेवलं तरी चालतं.

याच्या उलटं जास्त लोक फसतात. पुण्याहून खंबाटकी उतरून आलात, टायर तापलेले, पंपावर चेक केलं तर ३७ दाखवतंय, मग पोराला सांगून चार पीएसआय सोडायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर २९, आणि आपण पंक्चर शोधत बसतो. हवा तपासायची ती टायर गार असताना.

(महाबळेश्वरला गेल्यावर काय होतं? साताऱ्यापासून सहाशे-सातशे मीटर वर गेलं की बाहेरचा दाब जवळजवळ १ पीएसआयनं कमी होतो, म्हणून गेज तेवढं जास्त दाखवायला पाहिजे. पण वर गारठा ५-६ अंश जास्त, त्यानं १ कमी होतं. फिट्टंफाट.)

तर थंडीचे ३ वजा केले, आपल्या चाकाचे खरे गेलेले राहिले ४. आठवड्याला ४ पीएसआय. हा आकडा हातात आल्यावर मला कळलं की तिघांना भोक का सापडलं नाही. छोट्या गाडीच्या टायरात साधारण २५ लिटर जागा असते. ४ पीएसआय कमी होणं म्हणजे बाहेरच्या दाबाला मोजली तर सात-साडेसात लिटर हवा जाणं. ऐकायला भरपूर वाटतं, पण आठवड्यात मिनिटं १०,०८०. म्हणजे मिनिटाला पाऊण मिलीलिटर. वाटाण्याएवढे बुडबुडे धरले तर मिनिटाला जेमतेम तीन! टाकीत चाक बुडवून वीस सेकंदात गरागरा फिरवलं तर ते दिसणार कसं, त्यात बुडवताना टायरच्या खाचांत अडकलेली हवा आपले वेगळे शंभर बुडबुडे सोडत असते.

चौथे पंक्चरवाले मामा गोडोलीच्या बाजूचे, वयस्कर. त्यांना मी हा हिशोब सांगितला तर म्हणले, "आकडं ऱ्हाऊ द्या दादा, घाई नाय ना? मग बसा." पहिल्यांदा त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण काढून बोटानं थुंकी लावली. हसू नका, थुंकी चिकट असते, तिचा पातळ पापुद्रा व्हॉल्व्हच्या तोंडावर टिकतो आणि आतनं अगदी थोडी हवा आली तरी फुगतो. फुगला नाही, म्हणजे पिन चांगली. मग व्हॉल्व्हचं रबर बोटानं इकडं-तिकडं वाकवून बुडाशी साबण लावला, कारण तिथं चीर असेल तर सरळ असताना ती मिटलेली असते. तिथंपण काही नाही. ट्रेडवर, म्हणजे टायर रस्त्याला टेकतो त्या भागावर, खिळा-स्क्रू बघितला, नाही.

नंतर शॅम्पूचा घट्ट फेस करून टायर आणि रिम जिथं भेटतात तिथं लावला, दोन्ही बाजूंनी, आणि चहा सांगितला. साध्या पाण्याचा बुडबुडा लगेच फुटतो, साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पापुद्रा टिकतो, म्हणून मिनिटाला पाऊण मिली हवासुद्धा फेसाच्या रूपानं एका जागी साठत जाते. चहा होईपर्यंत रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे गाडीखाली जी बाजू असते तिकडं, बारीक पांढऱ्या फेसाची रेघ उमटली. पहिल्यानं साबण फक्त बाहेरनं मारला होता.

टायर उतरवला तर अलॉय रिमच्या कडेला पांढरी भुकटी. अॅल्युमिनियमचा गंज. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसतेच, टायरची जाड कड, तिला बीड म्हणतात, आतल्या हवेच्याच दाबानं रिमवर घट्ट दाबून बसते आणि तेच सगळं सील. बीड आणि रिमच्या मधे भुकटी आली की केसाएवढी फट राहते. आणि गाडी उभी असताना चाकाचा जो भाग खाली येतो तिथली बाजू वजनानं फुगते, बीडवर वेगळा ताण येतो, त्यामुळं फट खाली आली की जास्त गळतं आणि वर राहिली की कमी. काही रात्री हवा जायची आणि काही रात्री नाही, त्यावरनं आईचा पोरांवरचा संशय पक्का झालेला, ते कोडं मला वाटतं यातच होतं.

मामांनी तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं कड साफ केली, काळं सोल्युशन लावलं, टायर परत चढवला. वहीत पुढचे तीन रविवार चारी चाकं सारखी, पहाटे ३०.

जाता जाता मामा म्हणले स्टेपनी बघितली का. दीड वर्ष झालं, कुणी हात लावला नव्हता. १२ पीएसआय. टाकीत बुडवून दहा मिनिटं बघत बसलो, एक बुडबुडा नाही. त्यात भोक नव्हतंच. ट्यूबलेस टायरला आतनं ब्यूटाईल रबराचं अस्तर असतं, हे रबर १९३७ साली अमेरिकेत शोधलं गेलं आणि साध्या रबरापेक्षा ते हवा कितीतरी पटीनं चांगली अडवतं, पण पूर्ण नाही. रबराच्या लांबलचक साखळ्यांच्या मधनं वायूचे रेणू सरकत सरकत बाहेर पडतातच, चांगल्या टायरातनंसुद्धा महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय. स्टेपनी डिकीत गपचूप दीड वर्ष तेच करत होती.