ओरडून न बसलेला आवाज: लुळ्या स्वरतंतूच्या उपचारांची पार्श्वभूमी

सोलापुरात कुणाचा आवाज बसला की कारण शोधायला वेळ लागत नाही. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारला असेल, नाहीतर गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर ओरडून माल विकला असेल. मग ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या. आठवड्याभरात आवाज बहुधा मोकळाही होतो. काहींचा मात्र होत नाही. तो फुसफुसता, हवा निसटल्यासारखा येतो. दोन वाक्यांत दम लागतो, पाणी पिताना ठसका बसतो. अशा वेळी कारण घशाची सूज असेलच असं नाही, एका बाजूचा स्वरतंतू, म्हणजे कंठातल्या आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक, लुळा पडलेला असू शकतो. दाराची एक झडप अडकली की दुसरी कितीही ओढा, फट राहतेच, तसं हे आहे.

दोष बहुतेकदा तंतूत नसतो, त्याला हलवणाऱ्या नसेत (मज्जातंतूत) असतो. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेनने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की ही नस कापली की प्राण्याचं किंचाळणं बंद पडतं. नसेची वाटही विलक्षण आहे. डावी नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर कंठाकडे येते. म्हणून छातीतलं दुखणं आवाजात उमटतं: फुप्फुसाचा कर्करोग, क्षयाच्या गाठी, झडपेच्या आजाराने फुगलेलं हृदय. हृदयाचा हा संबंध ऑस्ट्रियन डॉक्टर ऑर्टनरने 1897 मध्ये नोंदवला. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेत नस दुखावणं हे तर नेहमीचं कारण. आपल्याकडे चरकानेही राजयक्ष्म्याच्या (क्षयाच्या) लक्षणांत स्वरभेद, म्हणजे आवाज बसणं, सांगितला आहे.

जिवंत माणसाचा स्वरतंतू हलताना पाहायला मात्र 1854 उजाडावं लागलं. मॅन्युएल गार्सिया हा गायनशिक्षक. दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, त्यावर उन्हाची तिरीप पाडून त्याने स्वतःचाच कंठ पाहिला. घसा तपासायच्या आजच्या दुर्बिणीचं मूळ तिथे आहे.

त्यानंतरचे बरेचसे उपचार एकाच खटपटीचे: थिजलेला तंतू मध्यावर आणायचा, म्हणजे दुसरा त्याला येऊन भिडेल. 1911 मध्ये ब्रूनिंग्जने त्यात पॅराफिन टोचलं. ते सरकायचं, शरीरही बिथरायचं. 1962 मध्ये अर्नोल्डने टेफ्लॉन आणलं. आवाज लगेच सुधारायचा, पण पुढे काहींना तिथेच गाठी झाल्या, आणि टोचलेलं काढणं महाकठीण. 1974 मध्ये जपानच्या इश्शिकींनी तंतूला हातच लावला नाही. गळ्याच्या कूर्चेत बाहेरून छोटी खिडकी करून ठोकळा बसवला, तंतू आत ढकलला. भूल फक्त जागेपुरती. रुग्ण टेबलावर आकडे म्हणतो, सर्जन आवाज ऐकत ठोकळ्याचं माप ठरवतो. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते, कारण निकाल रुग्णाच्या कंठातूनच येतो. थायरोप्लास्टी म्हणतात ती हीच.

दुखावलेली नस पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात सावरते. म्हणून तोवर स्वरोपचार (आवाजाचे व्यायाम) आणि गरज पडल्यास काही महिन्यांत विरघळणारं इंजेक्शन देतात. कायमची शस्त्रक्रिया सहसा त्यानंतर. पण कारणाचा शोध इतका थांबू शकत नाही. आवाज तीन आठवड्यांपुढे बसलेला राहिला, विशेषतः विडी ओढणाऱ्याचा, तर सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीने तपासून घ्यावं. तंतू लुळा निघाला आणि कारण उघड नसेल, तर मानेपासून छातीपर्यंतच्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.