इलेक्ट्रॉन गिळणारा वायू

रिकाम्या दिसणाऱ्या काचेच्या टाकीत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची होडी अधांतरी तरंगते, असे व्हिडिओ अधूनमधून फिरतात. कुणीतरी त्याखाली 'मंत्रशक्ती' असे ठोकूनही देते. टाकी रिकामी नसते. तिच्यात सल्फर हेक्साफ्लोराइड असतो. रंग नाही, वास नाही, पण हवेच्या सुमारे पाचपट जड. होडी आर्किमिडीजच्याच नियमाने तरंगते.

1901 मध्ये मोआसाँ आणि लबो या फ्रेंच रसायनज्ञांनी तो प्रथम बनवला. मधोमध गंधकाचा एक अणू, भोवती फ्लोरिनचे सहा. गंधक असा झाकला जातो की हल्लेखोर रसायनाला तिथवर पोहोचताच येत नाही.

वीज उद्योगाला मात्र त्याची वेगळीच खोड आवडते. उच्च विद्युतदाबाचा ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारा मोठा स्विच, उघडला तरी प्रवाह लगेच थांबत नाही, फटीत ठिणगी पेटते. हवेतला एखादा सुटा इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात वेग घेतो, रेणूवर आदळतो, त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि हिमकडा कोसळावा तसा प्रवाह सुरू. आमचा हा वायू इलेक्ट्रॉनच गिळतो. उरतो तो ऋण आयन, म्हणजे ऋणभारित झालेला रेणू. विद्युतभार तेवढाच, वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या अडीच लाखांहून अधिक पट. हा बोजड आयन वेग घेण्याआधीच शेजाऱ्यांवर आपटून ऊर्जा गमावतो आणि साखळी तुटते. म्हणून त्याची विद्युतरोधकता हवेच्या जवळजवळ अडीच पट. उघड्या मैदानात पसरणारे वीज उपकेंद्र त्यामुळे एका इमारतीत मावते.

गळती झाली की पंचाईत. गंधक-फ्लोरिन बंध सुमारे 10.6 मायक्रॉन तरंगलांबीची अवरक्त (उष्णतेची) किरणे शोषतात. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटण्यासाठी नेमकी हीच खिडकी बरीचशी उघडी ठेवतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 24 हजार किलोंना भारी पडतो. हरितगृह वायू कमी करण्याच्या 1997 च्या क्योटो कराराच्या यादीत तो आला तो यामुळेच. ओझोनशी त्याचे वैर नाही, कारण त्यात क्लोरिन नाही. तो ओझोन खातो, ही गल्लत बातम्यांत नेहमीची. 'पृथ्वी जाळणारा वायू' हा मथळाही भडकच: हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे याचे जेमतेम 11-12 रेणू आहेत.

पण आलेला रेणू जात नाही. त्याचे आयुष्य पूर्वी 3200 वर्षे धरत, नव्या अंदाजांनी ते हजाराच्या आसपास आणले. खालच्या हवेत त्याला कुणी मोडत नाही. साठ किलोमीटरच्या वर, जिथे हवा अगदी विरळ असते, तिथे सुटे इलेक्ट्रॉन भेटतात आणि ते गिळण्याच्या नादातच तो बहुधा मोडतो.