सीईएच आणि सीएसएसएलपी : हॅकिंग शिकलात म्हणून सुरक्षित सॉफ्टवेअर बनवता येत नाही

इंदुरात दर उन्हाळ्यात, निकाल लागले की हा प्रश्न ठरलेला. सुदामा नगरातल्या कोणाचा तरी भाचा, रामबागेतल्या कोणाची तरी मुलगी, नाहीतर ऑफिसमधलाच ज्युनियर, "ताई, मला सिक्युअर कोडिंगमध्ये जायचंय म्हणून सीईएच करतोय", आणि वर "सीएसएसएलपी पण तेच आहे ना, फक्त मोठ्या लोकांचं?" नाही रे बाबा, तेच नाहीये. भंवरकुआंपासून विजय नगरपर्यंत कोचिंगवाल्यांनी सगळं 'सायबर सिक्युरिटी'च्या एकाच बोर्डाखाली लावून ठेवलंय, आणि मुलं घरच्यांचे पैसे भरून चुकीच्या वर्गात बसतात, याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून एकदा नीट लिहितेय.

सीईएच, म्हणजे सर्टिफाइड एथिकल हॅकर, ईसी-काउन्सिल या संस्थेचं सर्टिफिकेट. हे बहुतेकांना माहीत असतंच. आधी माहिती काढा, मग स्कॅन करा, आत शिरा, आत टिकून राहा, खुणा पुसा, आणि त्यासाठी लागणारी टूल्स, एनमॅप, मेटास्प्लॉइट, बर्प वगैरे. तयार झालेल्या सिस्टिममध्ये भोक कुठे आहे ते शोधायचं.

सीएसएसएलपी, म्हणजे सर्टिफाइड सिक्युअर सॉफ्टवेअर लाइफसायकल प्रोफेशनल, आयएससी-टू या संस्थेचं सर्टिफिकेट, सीआयएसएसपी हे सिक्युरिटीतलं नावाजलेलं सर्टिफिकेट ज्यांचं आहे तीच संस्था. २००८ मध्ये सुरू झालं. आठ भाग आहेत: मूळ संकल्पना, लाइफसायकलचं व्यवस्थापन, रिक्वायरमेंट, आर्किटेक्चर आणि डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, डिप्लॉयमेंट-मेंटेनन्स, आणि सप्लाय चेन. आता नीट बघा, आठातलं टेस्टिंग फक्त एक आहे.

बाकी फरक किरकोळ. दोन्हीकडे १२५ प्रश्न, सीईएचला चार तास, सीएसएसएलपीला तीन. दोन्हींची फी डॉलरमध्ये, दोन्ही तीन-तीन वर्षांनी टिकवावी लागतात. कोणती परीक्षा जास्त कठीण यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात काडीचा रस नाही.

खरी गडबड इथे होते की लोकांना वाटतं, भोक शोधता आलं म्हणजे भोक न पडणारं सॉफ्टवेअर बनवता आलं. एक उदाहरण घेऊन बघू.

शाळेच्या फीचं ॲप आहे. पालक लॉगिन करतो, पावती उघडतो, आणि वर ॲड्रेसमध्ये शेवटी दिसतं, रिसीट आयडी १०४२. त्याने तिथे १०४३ टाकलं, एंटर मारलं, आणि दुसऱ्याच्या मुलाची पावती समोर, नाव, वर्ग, वडिलांचा मोबाइल, सगळं. याला आयडॉर म्हणतात, आणि हे ज्या गटात मोडतं तो ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे कोणाला काय दिसावं याची तपासणीच तुटलेली, हा गट ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या टॉप टेन यादीत २०१७ मध्ये पाचव्या नंबरवर होता, २०२१ मध्ये थेट पहिल्यावर आला. म्हणजे हे काही पुस्तकी उदाहरण नाही, रोज घडतं.

सीईएच केलेला मुलगा हे दहा मिनिटांत पकडेल, स्क्रीनशॉट लावून छान रिपोर्ट देईल. डेव्हलपर त्या पेजवर एक इफ टाकेल, की पावती याच पालकाची आहे का, नसेल तर बाहेर. टिकेट बंद. पुढच्या महिन्यात दुसरा डेव्हलपर येतो, 'पावती पीडीएफमध्ये डाउनलोड करा' असं बटण बनवतो, त्याच्यासाठी नवीन एपीआय, म्हणजे ॲपने सर्व्हरकडे माहिती मागायचा नवीन रस्ता, लिहितो, आणि त्यात तो इफ नाहीये कारण त्याला कोणी सांगितलंच नाही. भोक परत उघडं. मग 'पावती व्हॉट्सॲपवर पाठवा' येतं, परत तेच. आणि मीटिंगमध्ये सगळे विचारतात, अरे पण टेस्टिंग झालं होतं ना? झालं होतं की. टेस्टिंगने त्या दिवशी असलेलं भोक दाखवलं, रोज नवीन भोक का पडतंय हे सांगणं त्याचं काम नव्हतंच.

आता सीएसएसएलपीच्या अभ्यासाप्रमाणे याच ॲपकडे बघा. सुरुवात स्क्रीन बनायच्या आधी होते. रिक्वायरमेंटमध्येच लिहायचं, की पालकाला फक्त आपल्या पाल्याच्या पावत्या दिसतील, क्लार्कला आपल्या शाखेच्या, प्रिन्सिपलना सगळ्या दिसतील पण बदलता येणार नाहीत. फंक्शनल रिक्वायरमेंटच्या शेजारी हेही लिहायचं की कोणी वाकडेपणा करायचा म्हटला तर काय करेल. मग डिझाइनमध्ये ठरवायचं, की परवानगीची तपासणी प्रत्येक पेजवर विखुरलेली नसेल, एकाच ठिकाणी असेल आणि प्रत्येक रिक्वेस्ट तिथूनच जाईल, आणि ज्या एपीआयसाठी नियमच लिहिला नाही तो आपोआप बंद असेल. म्हणजे नवीन मुलाने पीडीएफवालं बटण बनवलं आणि नियम लिहायला विसरला तर पावती कोणालाच दिसणार नाही, तो स्वतःच येऊन विचारेल की चालत का नाहीये. मला विचाराल तर सगळा फरक या एका गोष्टीत आहे. विसरलं तर उघडं राहणारं डिझाइन आणि विसरलं तर बंद राहणारं डिझाइन.

कोडमध्ये काय, तर ब्राउझरकडून आलेल्या आयडीवर विश्वास न ठेवता डेटाबेसच्या क्वेरीतच लॉगिन केलेल्या पालकाची अट. टेस्टिंगमध्ये एक कायमची ऑटोमेटेड टेस्ट, की एका पालकाने दुसऱ्याची पावती मागितली तर नकार मिळायलाच पाहिजे, आणि ही प्रत्येक बिल्डला चालली पाहिजे. आणि लाइव्ह गेल्यावर लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिम ठेवते त्या नोंदींमध्ये, दिसलं पाहिजे की एकाच अकाउंटवरून ओळीने पन्नास पावत्यांचे नंबर मागितले जातायत.

यात नवीन काही नाही. प्रत्येक मागणी प्रत्येक वेळी तपासा आणि मुळात नकार धरून चाला, ही दोन्ही तत्त्वं सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडून ठेवलीयत, सीएसएसएलपीला ती पहिल्याच भागात वाचावी लागतात. पुरणात वेलची-जायफळ वाटतानाच घालतात, पोळी ताटात आल्यावर वरून भुरभुरवत नाहीत, इतकं साधं आहे, तरी प्रोजेक्ट प्लॅनमध्ये सिक्युरिटीची ओळ बघाल तर शेवटच्या आठवड्यात असते.

एक उपाय फार चालतो आणि माझं डोकं फिरतं, तो म्हणजे १०४२ काढून तिथे यूयूआयडी, म्हणजे आकडे-अक्षरांचा लांबलचक आयडी, टाकायचा. त्याने अंदाज लावणं अवघड झालं, एवढंच. तपासणी अजूनही नाहीच. ती लिंक एकदा कोणी पालकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड केली की जो उघडेल त्याला पावती दिसणार.

आणि काही दोष तर असे असतात की त्यात कोडची चूकच नसते. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल आठवा. लॉगफोरजे ही जावातली लॉगिंगची लायब्ररी, जगभर वापरली जाणारी, तिच्यात लॉग होणाऱ्या मजकुरात ठरावीक रचनेचं काही आलं की ती लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून माहिती आणायला जायची. कोणाची टायपिंगची चूक नव्हती ती, २०१३ मध्ये मुद्दाम घातलेलं फीचर होतं आणि ठरवल्याप्रमाणेच चालत होतं. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर इतक्या ताकदीच्या गोष्टीपर्यंत पोचू द्यावा का, हा प्रश्न डिझाइनच्या टेबलावर विचारायचा होता. सीव्हीएसएसवर, म्हणजे दोष किती गंभीर हे मोजायच्या पट्टीवर, त्याला १० पैकी १० मिळाले. आणि बातमी आल्यावर पहिला प्रश्न 'हल्ला कसा करतात' हा नव्हताच, प्रश्न होता 'आपल्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या लायब्ररीच्या पोटात ही लायब्ररी बसलीय'. ज्यांच्याकडे एसबॉम, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या घटकांची यादी, तयार होती ते लवकर सुटले, बाकीचे सर्व्हर-सर्व्हर हुडकत बसले. सीएसएसएलपीत सप्लाय चेनचा वेगळा भाग आहे तो याचसाठी, आणि आपल्या सर्ट-इननेही, म्हणजे सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही, २०२४ मध्ये एसबॉमबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यायत.

याचा अर्थ सीईएच वाया असं नाही. हल्ला करणारा कसा विचार करतो हे डोळ्याने बघितलेला डेव्हलपर जास्त सावध लिहितो, हे मी टीममध्ये बघते. ऑडिटच्या कामात, टेंडरमध्ये सीईएच विचारतातही. ज्याला तोडण्याचीच आवड आहे त्याने तिकडेच जावं, पण मग मी ओएससीपी ही प्रॅक्टिकल हॅकिंगची परीक्षा सांगेन, जवळजवळ पूर्ण २४ तास खऱ्या मशिनवर घाम गाळावा लागतो, पर्याय निवडून सुटका नाही. आणि ईसी-काउन्सिलचंच हवं असेल पण काम कोडिंगचं असेल, तर त्यांचंच केस, म्हणजे सर्टिफाइड ॲप्लिकेशन सिक्युरिटी इंजिनिअर, आहे, जावा आणि डॉटनेटसाठी वेगवेगळं. त्याचं नाव कोचिंगवाले घेतच नाहीत.

दुसरी एक गोष्ट, पटकन. सीएसएसएलपीच्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगला बसलात म्हणून सीएसएसएलपी झालात असं नसतं. परीक्षेत १००० पैकी ७०० हवेत, आणि सॉफ्टवेअर बनवण्याच्या कामाचा चार वर्षांचा पगारी अनुभव हवा, संबंधित विषयाची चार वर्षांची डिग्री असेल तर त्यातलं एक वर्ष सुटतं. मग आयएससी-टूचा कोणी सर्टिफाइड मेंबर तुमच्या अनुभवाला दुजोरा देतो, आणि पुढे दर तीन वर्षांत ९० सीपीई, म्हणजे शिकत राहिल्याचे, क्रेडिट जमवायचे. अनुभव नसताना पास झालात तर असोसिएट ऑफ आयएससी-टू, अनुभव पूर्ण करायला पाच वर्षं, आणि तोवर नावापुढे सीएसएसएलपी लावता येत नाही. सीव्हीत क्लासचं सर्टिफिकेट दाखवून 'सीएसएसएलपी' लिहिलेले लोक मी इंटरव्ह्यूत बघते आणि मला वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्यांना क्लासनेच तसं सांगितलेलं असतं. डम्प, म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेले प्रश्न, पाठ करून पास होणाऱ्यांबद्दल मात्र अजिबात सहानुभूती नाही, ज्या सॉफ्टवेअरवर लोकांचे पैसे आणि मुलांची माहिती आहे तिथे हे चालत नाही.

म्हणून फ्रेशरने सीएसएसएलपीच्या मागे लागूच नये. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, ती करा, ओवास्पचं एएसव्हीएस, म्हणजे ॲपची सुरक्षा तपासायच्या मुद्द्यांची यादी, उघडून आपल्याच प्रोजेक्टला एकेक मुद्दा लावून बघा, स्ट्राइड ही धोक्यांचे प्रकार ओळखायची पद्धत शिकून आपल्या एका मॉड्यूलचं थ्रेट मॉडेलिंग, म्हणजे कुठून काय धोका येऊ शकतो याची मांडणी, कागदावर करा. तीन-चार वर्षं असं काम झालं की सीएसएसएलपीचा सिलॅबस वाचताना ओळखीचा वाटेल, तेव्हा द्या.

आणि इन्स्टिट्यूटमध्ये फी भरायच्या आधी एवढंच विचारा, रिक्वायरमेंट आणि डिझाइनला किती तास दिलेयत, थ्रेट मॉडेलिंग आमच्याकडून करून घेणार का नुसत्या स्लाइड दाखवणार. पाच दिवसांतले चार दिवस काली लिनक्सचे, म्हणजे हॅकिंगची टूल्स भरलेल्या लिनक्सचे, डेमो असतील तर तो हॅकिंगचाच क्लास आहे, ब्रोशरवर 'सिक्युअर डेव्हलपमेंट' छापलेलं असलं तरी, आणि डेव्हलपरने त्याला पैसे देऊ नयेत.